वर्नचं पितळ

"वर्न, माझा पाव भाजायचा ट्रे कुठाय?"

मार्ला स्कॉगस्टाडने हे स्वयंपाकघरातून विचारलं आणि गॅरेजमधून काहीच उत्तर आलं नाही. वर्नला ऐकू गेलं नव्हतं असं नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या नवऱ्याला सगळं ऐकू जातं. काय ऐकायचं नाही एवढंच तो ठरवतो. शेवटी मार्लाच हात पुसत गॅरेजमध्ये गेली. ट्रे तिथे टेबलावर होता आणि त्याच्यावर काडतुसांच्या चाळीस रिकाम्या पितळी पुंगळ्या पंगतीला बसल्यासारख्या ओळीने उभ्या होत्या.

"ह्याच्यावर मी चर्चच्या जेवणाचे पाव भाजते."

"पितळ आहे, विष नाही."

"आणि हे चिकट काय फासलंयस?"

"मेंढीच्या लोकरीचं वंगण. तुम्ही बायका तोंडाला लावता तेच."

"मग तुझ्या तोंडाला लाव," मार्ला म्हणाली, "आणि ट्रे धुऊन दे."

वर्न नुसता हसला. मोठं कार्य हाती घेतलेली माणसं बायकांच्या बोलण्यावर हसतात तसा. हा माणूस जन्मभर विमा विकत होता. निवृत्त झाल्यावर त्याला कळलं की आता आपलं व्याख्यान ऐकून घ्यायला कोणी बांधील नाही, आणि मग त्याने छंद शोधला. गॅरेजमध्ये दाबयंत्र आलं, तराजू आला, साचे आले, भिंतभर बरण्या आल्या. नेम धरायला तो वर्षातून एकदा जाई, आणि गेल्या तीन हंगामांत त्याच्या गोळीने फक्त एक कुंपणाचा खांब जखमी झाला होता. पण काडतूस घरी कसं भरावं यावर तो कोणालाही कुठेही गाठून बोलायचा. दातांच्या डॉक्टरीणबाईंना तर त्याने स्वतःचं तोंड त्यांच्या हातात असतानाही ऐकवलं होतं.

यंदाच्या व्याख्यानाला निमित्त होतं सासऱ्याच्या रायफलीचं.

हॅरल्ड हॉवलंडची ती जुनी रायफल तेहेतीस नंबरची, म्हणजे तेवढ्या मापाची गोळी घेणारी होती. तिचं काडतूस मोठ्या कारखान्यांनी बनवायचं सोडलं त्यालाही जमाना लोटला, आणि हॅरल्डकडचा साठा संपल्यापासून ती भिंतीवर मुकी होती. म्हातारा आता वृद्धाश्रमात राहत होता. सप्टेंबरमध्ये सगळं घर नदीकाठी जेवायला जमलं, तेव्हा त्याने मक्याचं कणीस खाली ठेवून जाहीर केलं, "शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी क्लबवर नेम धरायचा शनिवार असतो. त्या दिवशी माझ्यासमोर जो कोणी तिला बोलती करेल, त्याची ती रायफल."

सगळ्यांनी आधी ड्वेनकडे पाहिलं, कारण तो मुलगा. मग वर्नकडे पाहिलं, कारण तो घसा खाकरत होता. मार्ला केक कापत होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

ड्वेनने तिथेच फोन काढला, दोन बोटांनी काहीतरी खटपट केली आणि म्हणाला, "एक छोटं वर्कशॉप आहे, ते अजून बनवतात. डबा मागवलाय."

वर्न त्यावर आठवडाभर हसला. "विकतचं काडतूस!" तो कॉफीच्या दुकानात म्हणाला. "विकतचं काडतूस म्हणजे डब्यातलं सूप. पोट भरतं, पण त्याला जेवण म्हणत नाहीत. रायफल त्याला मिळायला हवी ज्याला तिची भूक कळते."

मग त्याने पंचेचाळीस नंबरच्या जाड पुंगळ्या आणल्या आणि त्यांना तेहेतीस करायला घेतलं. म्हणजे काय, तर वंगण लावून पुंगळी साच्यात दाबायची आणि तिचं तोंड थोडं आवळायचं. मग त्याहून अरुंद साचा, मग त्याहून. मध्येच तोंड बर्नरवर धरून नरम करायचं, नाहीतर ते चिरतं. बूड मात्र त्या वेळी पाण्यात ठेवायचं. "कारण बूड कडकच राहिलं पाहिजे," वर्न बोट उचलून सांगायचा. "सगळा धडाका ते अडवतं. बूड मऊ पडलं, तर रायफल पुढच्या एल्क हरणावर नाही, मागच्या माणसावर चालते!" हे वाक्य मोंटानातल्या त्या छोट्या गावात शेरीफपासून पाद्रीबाईंपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं.

निम्म्याहून जास्त पुंगळ्या चिरल्या, चेपल्या, वाकड्या झाल्या. एक साच्यात अशी अडकली की साच्यासकट टाकून द्यावी लागली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण चाळीस जमल्या, आणि त्यांच्याही आधीची, अगदी पहिली जमलेली तर वर्नने लाकडाच्या छोट्या बैठकीवर बसवून हॅरल्डला भेट दिली. "कारागिरीचा नमुना," असं तो तेव्हा म्हणाला होता.

तर नेमाच्या शनिवारआधीच्या त्या गुरुवारी, ट्रेवरून बोलणं झाल्यावर, वर्नने पुंगळ्यांचं वंगण गरम पाण्याने धुतलं. उरलेलं पाणी निपटायला त्या ओव्हनमध्ये ठेवायच्या असं त्याने ठरवलं. मार्ला चर्चच्या हॉलमध्ये टेबलं मांडायला गेली होती. वर्नने ओव्हन उघडला, आतल्या जाळ्या नव्हत्या, तेव्हा ट्रे तसाच तळाशी ठेवला. जाळ्या कुठे गेल्या, हा प्रश्न कोणाही माणसाला पडला असता. वर्नला पडला नाही. त्याने दार लावलं आणि तो काडतुसांची दारू मोजायला गॅरेजमध्ये गेला.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"वर्न, ऐक. काल बटाट्याचं कॅसरोल ओव्हनमध्ये उतू गेलंय, सगळं चीज तळाला करपलंय. मी जाळ्या काढून ठेवल्या आणि बटण दाबायचंच विसरले. तेवढं सफाईचं बटण दाब."

"दाबतो," वर्न कानाला फोन लावून तराजूच्या काट्याकडे बघत म्हणाला.

"आत काही नाहीये ना, ते बघ आधी."

"नाहीये गं."

"बघितलंस?"

"बघितलं," वर्न म्हणाला. तो गॅरेजमध्ये होता.

मग तो स्वयंपाकघरात आला, बटण दाबलं, फ्रिजमधून लोणच्याची काकडी काढली आणि तिचा तुकडा तोडला. ओव्हनच्या दारात खट्ट झालं. हा आवाज ज्यांच्या घरी असा ओव्हन आहे त्यांना माहीत असतो. सफाई सुरू झाली की दार आपणहून कुलूपबंद होतं आणि आत भट्टी पेटते, कारण करपलेल्या चीजची राख करायची असते. राख होऊन सगळं गार होईपर्यंत ते दार कोणाच्या बापालाही उघडत नाही.

वर्नने काकडीचा दुसरा तुकडा तोडला आणि चावायचा थांबला.

त्याने दार ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. ओव्हनला पाय लावून ओढलं. मग धावत जाऊन घराचं मुख्य बटणच बंद केलं. त्याने दिवे गेले, फ्रिज गेला, दार मात्र जागचं हललं नाही, कारण त्याचं कुलूप उघडायलाही वीज लागते. त्याने वीज परत आणली. तेवढ्यात तळाचं चीज आणि पुंगळ्यांवर राहिलेलं मेंढीचं वंगण मिळून असा काही धूर निघाला की छतावरचा भोंगा किंचाळायला लागला. वर्नने खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं आणि तो सगळ्या जगाला म्हणाला, "माझी काडतुसं! ओव्हनमध्ये माझी काडतुसं आहेत!"

सगळ्या जगापैकी समोरच्या मिसेस क्विस्ट अंगणातली पानं गोळा करत होत्या. त्यांनी दंताळं टाकलं आणि आधी स्वतः घरामागे जाऊन मग फोन केला.

गावाचं अग्निशमन दल म्हणजे स्वयंसेवकांचा एक बंब आणि त्याचा प्रमुख ड्वेन हॉवलंड. बंब आला, दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला गेला, शेजारीपाजारी चपला घातलेले आणि न घातलेले कोपऱ्यावर नेऊन उभे केले गेले. शिरस्त्राण घातलेला ड्वेन खिडकीपाशी आला.

"आत दारू भरलीय का?"

"रिकाम्या आहेत रे!"

"बुडातल्या ठिणगीच्या टिकल्या?"

"त्याही नाहीत!"

"मग ओरडतोयस कशाला?"

"मऊ पडतायत त्या!" वर्न रडकुंडीला आला होता. "बुडापासून मऊ पडतायत!"

ड्वेनने रेडिओ तोंडाशी नेला. "स्फोटाचा धोका नाही," तो शांतपणे म्हणाला. "मऊ पडतायत म्हणे." पलीकडून कोणीतरी खूप वेळ हसत होतं.

बंबाच्या मागोमाग चर्चमधल्या बायकाही आल्या, कारण बंब आपल्या घराकडे चाललाय हे पाहून मार्ला धावत सुटली होती आणि तिला एकटीला कसं सोडायचं. तिने घरात येऊन भोंगा बंद केला, खिडक्या उघडल्या आणि ओव्हनच्या काचेतून आत पाहिलं. ट्रे तिचा होता. तो वाकडा झाला होता.

"मी विचारलं होतं, बघितलंस का म्हणून."

"जाळ्या काढल्यायत हे तू आधी सांगायला हवं होतंस."

"जाळ्या नाहीत हे दिसलं नाही तुला?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

वर्नला काहीच वाटलं नव्हतं. त्याने स्टूल ओढलं आणि तो ओव्हनसमोर बसून राहिला. बंबवाल्यांना कॉफी मिळाली, मिसेस क्विस्टनी तीच गोष्ट चार वेळा सांगितली आणि चौथ्या वेळेपर्यंत गोळ्या त्यांच्या कानाजवळून जाऊ लागल्या होत्या. दुपार कलता कलता दारात पुन्हा खट्ट झालं.

पितळ तांबूस, मळकट झालं होतं. वर्नने एक पुंगळी उचलली, पकडीत धरली आणि बुडाशी हलकेच दाबली. ती भुईमुगाच्या शेंगेसारखी चेपली. दुसरीही चेपली. ड्वेन मागे उभा होता. तो एवढंच म्हणाला, "बूड मऊ पडलं तर रायफल कोणावर चालते रे, वर्न?"

वर्नने व्याख्यान न देता पकड खाली ठेवली, आणि गावाच्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

नव्या पुंगळ्या मिळायची आशा नव्हती. हंगामाच्या तोंडावर दुकानाची फळी झाडून नेलेली असते. रायफल हातची चालली होती. त्याहून वाईट म्हणजे कॉफीचं दुकान चालू राहणार होतं, आणि वर्नला तिथे रोज जायचं होतं. मग त्याला आठवलं की एक पुंगळी ओव्हनमध्ये नव्हती. ती हॅरल्डच्या खिडकीत होती.

शुक्रवारी तो वृद्धाश्रमात पोचला, तेव्हा दारापासूनच कर्कश शिट्टी ऐकू येत होती. हॅरल्ड पलंगावर बसून पुंगळीच्या बुडातल्या टिकलीच्या भोकावर अंगठा दाबून तिच्या तोंडावर फुंकत होता. लाकडाच्या बैठकीवर त्याची कवळी ठेवली होती.

"कॉफी हवी असली की वाजवतात," नर्स कॉनी म्हणाली. "न हवी असली तरी वाजवतात. तुम्ही ती घेऊन जाणार असाल, तर मी तुमच्यासाठी दार धरून उभी राहते."

"हॅरल्ड," वर्न खुर्ची ओढत म्हणाला, "ती पुंगळी जरा एका दिवसापुरती..."

"भेट दिलेली वस्तू परत मागतोस?"

"उद्यासाठी हवीय."

"तुझ्या चाळीस होत्या ना?"

"होत्या."

"आता मऊ पडल्यात," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. "ड्वेन काल येऊन गेला. मी इतका हसलो की कॉनीने रक्तदाब तपासला." त्याने पुंगळी वर्नच्या हातात ठेवली. "एकच आहे. पुरेल?"

"नेमबाजाला एकच लागते."

"नेमबाजाला, हो," हॅरल्ड म्हणाला. "माझी शिट्टी मला उद्याच परत हवी."

शनिवारी क्लबवर सगळं गाव होतं. हवेत गारठा होता, पलीकडच्या डोंगरांवर बर्फ धरलं होतं आणि दूरवर नेम धरायच्या लोखंडी थाळ्या टांगल्या होत्या. हॅरल्डला चाकाच्या खुर्चीत घोंगडी लपेटून पुढे आणून बसवलं. रायफल तेल लावून टेबलावर ठेवलेली होती. ड्वेनचा डबा तिच्या शेजारी होता. तो वेळेवर आला होता, कारण विकतच्या गोष्टींना हीही एक वाईट खोड असते.

"जावई आधी," हॅरल्ड म्हणाला.

वर्न पुढे झाला. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं एकुलतं एक काडतूस काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. "मित्रहो, हातची वस्तू म्हणजे..." त्याने सुरुवात केली. "मार एकदाची!" मागून कोणीतरी ओरडलं. त्याने काडतूस भरलं, रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला. सगळे गप्प झाले.

त्या शांततेत वर्नला एक गोष्ट आठवली. ही त्याची पहिली पुंगळी. बूड पाण्यात ठेवायचं हे त्याने वाचलं, ते पहिल्या पुंगळीच्या आधी की नंतर?

तो आठवू लागला. बर्नर आठवला. ज्योत आठवली. पुंगळी पकडीत धरल्याचं आठवलं. पाण्याचं भांडं काही केल्या आठवेना. त्याचा डोळा रायफलीच्या ज्या जागेपासून वीतभरावर होता, नेमक्या त्याच जागेच्या आत ते बूड होतं, आणि ते कडक आहे की मऊ हे त्या बुडाला माहीत आणि देवाला माहीत. दोन महिने गावाला ऐकवलेलं वाक्य आता त्याच्याच कानात कोणीतरी बोट उचलून सांगायला लागलं. त्याच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम आला. तो घाबरला होता, आणि ते लांबूनही दिसत होतं.

"वारा आहे," तो म्हणाला.

झेंडा खांबाला चिकटून लोंबत होता.

"थांबू या वारा पडेपर्यंत," हॅरल्ड म्हणाला. "माझं वय काय, आज अठ्ठ्याऐंशी."

वर्नने रायफल खाली घेतली, काडतूस बाहेर काढलं आणि परत रुमालात गुंडाळलं. "माल उत्तम आहे," तो पुटपुटला. "पण सुरक्षिततेच्या दृष्टीने..." पुढचं हशात बुडालं. पाद्रीबाईंनी हसू लपवायला हातमोजा तोंडावर धरला, पण खांदे हलत होते.

"ड्वेन, तू ये," म्हातारा म्हणाला.

"मला नको बाबा," ड्वेन म्हणाला. "माझ्याकडे माझी दुर्बीणवाली आहे. हा डबा मी तिच्यासाठी मागवला होता." आणि त्याने मार्लाकडे बोट केलं. "पहिलं हरीण हिने ह्याच रायफलीने मारलं. तेव्हा ही चौदाची होती आणि मी शेतात उलटी करत होतो. आठवतंय का कोणाला?"

"मला आठवतंय," हॅरल्ड म्हणाला. "मी 'जो कोणी' म्हणालो होतो. ही केक कापत बसली. मी तरी काय करणार?"

"मला कोणी विचारलं कुठे?" मार्ला म्हणाली.

"आता विचारतोय, पोरी."

वर्न बायकोकडे बघत राहिला. छत्तीस वर्षांत तिने त्याला ही गोष्ट सांगितली नव्हती. खरं तर तिने दोनदा सुरुवात केली होती, आणि दोन्ही वेळा त्याचं काहीतरी चाललं होतं.

मार्लाने कोटाच्या बाह्या सारल्या, डब्यातलं एक काडतूस घेतलं, रायफल उचलली आणि बोलण्याचालण्यात वेळ न घालवता चाप ओढला. धडाका झाला आणि लांबवर थाळी खणखणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिसेस क्विस्टनी सवयीने मान खाली घातली. हॅरल्डने डोळे मिटले होते. तो आवाज त्याने खूप वर्षांनी ऐकला होता आणि त्याला तो फार आवडला.

मार्लाने खटका मागे ओढताच रिकामी पुंगळी उडून काँक्रीटवर टणकन पडली आणि घरंगळत वर्नच्या बुटापाशी आली. त्याने ती उचलली. गरम होती. निमुळत्या मानेची, गुळगुळीत, तेहेतीस नंबरची, कारखान्यातूनच तेहेतीस नंबरची. हिला आवळायला नको, तापवायला नको, कापायला नको. नुसती धुवायची आणि भरायची.

"ही घेऊ का मी?" त्याने हळूच विचारलं.

"घे की," ड्वेन म्हणाला. "तसं म्हटलं तर ते लोक नुसत्या नव्या पुंगळ्याही विकतात. पिशवीभर. सप्टेंबरमध्येच सांगणार होतो तुला, पण तू हसत होतास."

वर्नचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ते आवळायला आता साचाच लागला असता.

"ए, इकडे," हॅरल्डने घोंगडीतून हात बाहेर काढला. "माझी शिट्टी तू काडतूस करून ठेवलीस. ती बदलून दे."

वर्नने जड हाताने ती गरम पुंगळी म्हाताऱ्याच्या तळव्यावर ठेवली. हॅरल्डने ती फुंकून गार केली, ओठांना लावली आणि अशी फुंकर घातली की पार्किंगमधला कुत्रा उठून उभा राहिला.

"ही बरी वाजते," तो म्हणाला. "हिचं बूड पक्कं आहे."

मार्लाने तोवर दुसरं काडतूस भरलं होतं. डब्यात अजून पुष्कळ होती आणि तिला घाई नव्हती. एक पुंगळी टेबलाच्या डावीकडे पडली, एक उजवीकडे, एक टेबलाखाली. वर्न गुडघ्यांवर बसला आणि रुमाल पसरून त्या गोळा करू लागला.

"किती राहिल्यात गं?" त्याने टेबलाखालून विचारलं.

"बाजूला हो, वर्न," मार्ला म्हणाली. "मला नेम धरायचाय. आणि उद्या मला नवा ट्रे आणून दे."